पन्नासात एक

एसएलव्ही-३ हा भारताने बनवलेला पहिला उपग्रह प्रक्षेपक २२.७ मीटर उंच होता. ही उंची पन्नासाने भागली की ४५.४ सेंटिमीटर येते. पहिल्या टप्प्याचा व्यास एक मीटर, त्याचे होतात २० मिलिमीटर. दुसऱ्याचा ८० सेंटिमीटर, त्याचे १६. आकडे इतके सरळ निघाले की पन्नासात एक हेच प्रमाण घ्यायचं, हे पहिली रेघ ओढण्याआधीच ठरून गेलं. त्यात आणखी एक योग जुळला. छोट्या मॉडेल रॉकेटांत सर्रास वापरली जाणारी मोटर, म्हणजे दारू भरलेली नळी, १८ मिलिमीटर जाड असते. २० मिलिमीटरच्या नळीत ती बसते आणि नळीच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर उरतो. प्रमाण याहून थोडं लहान घेतलं असतं, तर मोटर आत गेलीच नसती.

मी ओहायोत राहतो. इथे सोयाबीन निघालं की शेतं मोकळी होतात आणि आसपासची रॉकेटवेडी मंडळी सुट्टीच्या दिवशी तिथे जमतात. दुकानात तयार किट मिळतात, आणि ती जोडून उडवण्यातही आनंद आहे. पण ज्या रॉकेटवर आपला जीव जडला आहे त्याचं किट कधीतरी निघेल म्हणून किती वाट बघायची? मग कागद, बाल्साचं लाकूड, डिंक आणि आकडेमोड एवढ्या भांडवलावर सगळं उभं करायचं. नळीसुद्धा आपणच वळायची.

या प्रकाराच्या रीतसर जागतिक स्पर्धा होतात. पहिली १९७२ साली युगोस्लाव्हियातल्या व्हर्शात्स या गावी झाली. त्यात प्रमाणबद्ध मॉडेलांचा जो वर्ग असतो, त्याचा एक नियम मला फार आवडतो: मूळ रॉकेट कसं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची. आराखडे, मापं, फोटो यांची फाईल मॉडेलसोबत ठेवावी लागते. परीक्षक आधी मॉडेल टेबलावर ठेवून फाईलशी ताडून बघतात, मग ते उडताना बघतात, आणि दोन्ही मिळून गुण देतात. मी स्पर्धेत उतरत नाही. फाईलची शिस्त मात्र मी त्यांच्याकडून घेतली आहे. एखादी रेघ मला आवडते म्हणून मॉडेलवर येत नाही. ती का आहे याचा कागद फाईलमध्ये लागतो.

हुबेहूब दिसणं आणि नीट उडणं या दोन अटी एकाच वेळी पाळायच्या, आणि त्या एकमेकींना पाण्यात पाहतात. काचेच्या कपाटात ठेवायचं मॉडेल सगळ्या बाजूंनी खरं करता येतं. त्याला कितीही जड करा, फिन, म्हणजे तळाचे पंख, कागदासारखे पातळ ठेवा, कुणी काही विचारणार नाही. उडणाऱ्या मॉडेलला हवा विचारते. त्यामुळे त्यात कुठे ना कुठे तरी खोटं शिरतंच, आणि ते कुठे शिरू द्यायचं हे बांधणाऱ्याने ठरवायचं असतं. एवढं करूनही मी उडणारं मॉडेलच जास्त खरं मानतो. रॉकेट ही उभी राहण्याची वस्तू नाही. एसएलव्ही-३ प्रक्षेपणतळावर कसं दिसत होतं हा त्याच्या गोष्टीचा लहानसा भाग आहे. ते कसं गेलं, हा मोठा.

ते कसं गेलं ते मी रेडिओवर ऐकलं. १८ जुलै १९८०, सकाळी ८ वाजून ३ मिनिटं. त्या वेळी मी सांगलीत शाळेत होतो आणि बातमी संध्याकाळी घरी ऐकली. श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या प्रक्षेपकाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती सोडला होता. वडील ताट तसंच ठेवून रेडिओपाशी जाऊन उभे राहिले. ते सिंचन खात्यात ओव्हरसियर होते, भावनेने बोलणारे नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "किती टप्पे होते रे?" मला ठाऊक नव्हतं. चार होते, आणि चारही घन इंधनाचे. पुढच्या वर्षी टपाल खात्याने एसएलव्ही-३चं तिकीट काढलं, ते त्यांनीच मला आणून दिलं. त्यांच्या प्रश्नाचं मोजमापासह उत्तर द्यावं ही इच्छा माझ्या मनात फार वर्षं होती. आज ते असते तर मी त्यांच्या हातात व्हर्नियर दिला असता.

हा छंद सांगलीत मला करता आला नसता. काळी दारू आपल्याकडे स्फोटकांच्या कायद्याखाली येते, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतही हा छंद अपघातांच्या धाकातूनच घडला. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि तिथली पोरं तळघरात लोखंडी नळ्यांत जस्त आणि गंधक ठासू लागली. बोटं गेली, डोळे गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्विल कार्लाइल नावाचा एक चपला-बुटांचा दुकानदार होता, त्याला शोभेच्या दारूचा नाद. भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेलं करायचा. १९५४ च्या सुमारास दोघांनी मिळून कागदी नळीचं एक रॉकेट केलं. त्याची दारूची नळी बदलता यायची आणि ते पॅराशूटने खाली यायचं. पुढे त्यांनी ते हॅरी स्टाइन यांच्याकडे पाठवलं. स्टाइन व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले, सुरक्षिततेवर लिहिणारे. या पुडक्यात किती पोरांचे हात वाचणार आहेत हे त्यांनी ओळखलं. मोटरी ठरावीक दर्जाच्या आणि भरपूर हव्यात, म्हणून व्हर्न एस्टेस या तरुणाने त्या बनवणारं यंत्र तयार केलं आणि त्याला नाव दिलं मेबल. तेव्हापासूनचा मूळ नियम आजही तोच आहे: दारू आपण कालवायची नाही. मोटर कारखान्यातून येते. रॉकेट कागदाचं, लाकडाचं, प्लॅस्टिकचं. पेटवायचं विजेने, किमान पाच मीटर लांबून. आणि खाली येताना त्याला आधार हवाच.

म्हणजे जळणारा भाग दुसऱ्याचा, बाकी सगळं आपलं.

पहिल्या टप्प्याच्या नळीसाठी मला पाऊण इंची ॲल्युमिनियमचा पाइप मिळाला. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यावर कागदाचा अर्धा मिलिमीटरहून थोडा कमी थर चढवला की बरोबर वीस. आधी पाइपवर मेणकागद गुंडाळायचा, नाहीतर नळी पाइपला कायमची चिकटते. मग तपकिरी कागदाच्या लांब पट्ट्या, पाणी घालून सैल केलेल्या पांढऱ्या डिंकात भिजवून, तिरक्या गुंडाळायच्या. पहिला थर एका दिशेला, दुसरा उलट्या दिशेला, म्हणजे सांधे एकमेकांवर येत नाहीत आणि वाळताना नळी पिळवटत नाही. प्रत्येक थरानंतर अंगठा दाबून फिरवत न्यायचा. कागदाखाली अडकलेला हवेचा फुगा बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी पाइप एका हातात धरून नळी हलकेच पिळली की ती आतून सुटते आणि सरकताना बारीक 'फस्स' असा आवाज येतो. मग व्हर्नियर लावायचा. वीसला एखादा केस कमी असेल तर हरकत नाही, प्रायमर ती उणीव भरून काढतो. जास्त असेल तर पॉलिश पेपर.

दुसरा टप्पा १५ मिलिमीटरच्या दांड्यावर वळला. इथे एक बारीक गंमत आहे. एसएलव्ही-३च्या दुसऱ्या टप्प्याचा व्यास ८०० मिलिमीटर आणि तिसऱ्याचा ८१५. पन्नासात एक केल्यावर हा फरक होतो तीन दशांश मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला दीड दशांश. एवढा फरक कुणाच्या नजरेत येणार, असं वाटू शकतं. पण ड्रॉइंगचा जाड कागद बरोबर तेवढाच असतो. त्याचा एकच वेढा दिला, आणि प्रकाश आडवा पडला की तिथे एक सूक्ष्म पायरी दिसू लागली. कधी काळी कुणीतरी त्या मोटरीचा आकार आठशेऐवजी आठशे पंधरा ठरवला होता. त्या निर्णयाला माझ्या टेबलावर एका कागदाची जाडी मिळाली.

वीसवरून सोळावर येणारा निमुळता भाग कागदाचाच. शंकूचा वरचा तुकडा उलगडला की सपाट कागदावर कमानीसारखी पट्टी तयार होते. तिरकी लांबी आणि दोन त्रिज्या ठाऊक असल्या की कोन काढता येतो. आठवीच्या भूमितीचं पुस्तक पुरतं. सांधा एकावर एक चढवला तर उंचवटा येतो, म्हणून आतून पट्टी लावून कडेला कड भिडवायची. नोजकोन, म्हणजे टोकाचा शंकू, बाल्साचा. लाकडाचा तुकडा ड्रिल मशीनमध्ये पकडून तो फिरत असताना पॉलिश पेपरने उतरवत जायचा आणि दर थोड्या वेळाने थांबवून पुठ्ठ्यातून कापलेला आकार त्याला लावून बघायचा. फिन चार. त्यांच्या जागा आखायला कुठलंही यंत्र लागत नाही: नळीभोवती कागदाची पट्टी वेढायची, जिथे टोकं मिळतात तिथे कापायची, दोनदा घडी घालायची. घड्या पडल्या तिथे चार खुणा. त्या खुणांतून सरळ रेघ ओढायला दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात नळी दाबून धरायची आणि चौकटीच्याच कडेने पेन्सिल चालवायची. ही युक्ती मला मैदानावरच्या एका निवृत्त कारागिराने दाखवली. त्याच्या हाताखाली शिकायला मिळालं हे मी माझं भाग्य समजतो.

हे सगळं लांबीचं झालं. लांबी गुमान पन्नासाने भागली जाते. वजन भागलं जातं पन्नासाच्या घनाने. एसएलव्ही-३ होतं १७ टनांचं. त्याला सव्वा लाखाने भागा: १३६ ग्रॅम. मला हा आकडा सापडला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. सतरा टनांचं रॉकेट खरोखर पन्नासपट आखडलं असतं तर ते मुठीत उचलून धरता आलं असतं. रोहिणी उपग्रहाचं वजन तर पाव ग्रॅमच्या थोडं वर भरलं असतं. पण मी वापरणार होतो ती बी६ मोटर ११३ ग्रॅमच्या वर उचलू नये असं तिच्या कारखान्याचं सांगणं असतं. माझं मॉडेल मोटरीसकट ७२ ग्रॅम भरलं, म्हणजे खऱ्याच्या प्रमाणात निम्म्याच्या जरा पुढे. वजनाची आतली वाटणी तर पूर्ण उलटी. एसएलव्ही-३च्या सतरा टनांपैकी सुमारे तेरा टन इंधन होतं; उरलेल्या चारात सगळं रॉकेट, सगळी यंत्रणा आणि उपग्रह. माझ्या बहात्तर ग्रॅमांत दारू सहा ग्रॅमच्या आसपास. कक्षेत जाणं किती महाग असतं ते मला या दोन अपूर्णांकांनी जितकं नीट समजावलं तितकं एकाही व्याख्यानाने समजावलं नाही. तीन चतुर्थांश देह जाळल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

आणि हवा तर भागलीच जात नाही. गुरुत्वाकर्षणही नाही. ४५ सेंटिमीटरचं रॉकेट त्याच हवेतून जातं ज्यातून २२ मीटरचं गेलं, आणि लहान अंगाला तीच हवा जास्त चिकट लागते. याचा सगळा भार येऊन पडतो फिनांवर. एसएलव्ही-३च्या तळाला चार फिन होते, पण केवळ त्यांच्या भरवशावर ते सरळ जात नव्हतं. फिनांची टोकं हलवता यायची, नोझलमधून बाहेर पडणाऱ्या झोतात बाजूने द्रव फवारून झोत वळवता यायचा, आत जायरो होते, आणि या सगळ्याला हुकूम देणारी यंत्रणा होती. माझ्या मॉडेलला यातलं काही नाही. ते सरळ जायचं तर बाणासारखी निव्वळ निसर्गदत्त स्थिरता हवी: गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, दोघांत निदान नळीच्या एका व्यासाइतकं अंतर. मध्य उलटे पडले की रॉकेट जमिनीवरून सुटल्या सुटल्या कोलांट्या खातं.

दाबाचा हा मध्य कागदावर काढायची सोपी रीत जेम्स बॅरोमन यांनी दिली. ते नासाच्या गोडार्ड केंद्रात ध्वनिवेधी रॉकेटांवर काम करायचे आणि स्वतः मॉडेल रॉकेटही उडवायचे. १९६६ मध्ये त्यांनी ही रीत छंदिष्टांपुढे मांडली आणि पुढच्या वर्षी त्याच विषयावर प्रबंध लिहिला. खऱ्या रॉकेटांसाठी केलेलं गणित त्यांनी शाळकरी पोरांच्या हाती दिलं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. नोजकोन, निमुळता भाग, फिन यांचा प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा आणि बेरीज करायची. मी बेरीज केली तेव्हा दिसलं की खऱ्या मापाचे फिन माझ्या मॉडेलला पुरणार नाहीत.

इथे येतो तो खोट्याचा निर्णय. एक मार्ग असा की फिन थोडे वाढवायचे, कोण मोजतंय? दुसरा, पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा फिन चिकटवायचे, जे दुरून दिसत नाहीत. तिसरा, आकाराला हात न लावता गुरुत्वमध्यच पुढे ओढायचा, म्हणजे नोजकोनात वजन भरायचं. मी तिसरा घेतला. नोजकोन आतून कोरला आणि त्यात चिकणमातीचा गोळा दाबून बसवला. उपग्रह जिथे होता बरोबर तिथे. पाव ग्रॅमच्या जागी कितीतरी जास्त वजन तिथे आलं आणि त्या बदल्यात बाहेरची एकही रेघ बदलावी लागली नाही. फाईलमध्ये मी हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. आकार खरा राहावा आणि वजन खोटं व्हावं, हा माझा कौल. पारदर्शक फिनांवर माझा राग नाही, पण दिसत नाही म्हणून ते नाही असं मानणं मला जमत नाही. हवेला ते दिसतातच.

नंतरची परीक्षा जुनी आणि पक्की. मोटर भरायची, गुरुत्वमध्यावर दोरी बांधायची आणि मॉडेल गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. नाक वाऱ्यात रोखून पुढे राहिलं, तर ते उडेल. आपल्या दिवाळीतल्या बाणाची काडीही हेच काम करते. म्हैसूरच्या फौजेच्या रॉकेटांना लांब बांबू बांधलेले असायचे, तेही याचसाठी.

जायरो आणि झडपा नसल्याची उणीव मला एरवी जाणवली असती. पण १० ऑगस्ट १९७९ ची हकीकत वाचल्यावर तिच्याकडे बघायची दृष्टी बदलली. त्या दिवशी एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण झालं. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्या टप्प्याचं नियंत्रण गेलं, आणि ३१७ सेकंदांत सगळं संपून रॉकेट श्रीहरिकोट्यापासून ५६० किलोमीटरवर समुद्रात पडलं. चौकशीत निघालं की उड्डाणाआधीच एक झडप कचऱ्यामुळे उघडी राहिली होती आणि नियंत्रणासाठी लागणारं नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं. प्रकल्प संचालक होते अब्दुल कलाम. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी त्या दिवशी पत्रकारांना स्वतः तोंड दिलं, आणि पुढच्या जुलैत यश आल्यावर कलामांना पुढे केलं. ही गोष्ट कलामांनी पुढे अनेकदा सांगितली. मला त्यातली झडप जास्त आठवते. इतक्या माणसांची वर्षं, आणि मध्ये आला तो कण. रंग देण्याआधी मी नळीवरून ओलं फडकं फिरवतो, तेव्हा हा विचार मनात येतोच.

सगळं विषम असलं तरी एका ठिकाणी माझं मॉडेल आणि एसएलव्ही-३ सख्खे आहेत. दोघांचं इंधन घन. घन इंधन एकदा पेटलं की त्याला कमी-जास्त करता येत नाही, विझवता येत नाही, परत बोलावता येत नाही. जे काही ठरवायचं ते ओतताना, ठासताना, आकार देताना ठरलेलं असावं लागतं.  हे शास्त्र भारतात उभं करणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. इंग्लंडहून शिकून ते थुंब्याच्या रॉकेट तळावर गेले, तिथे घन इंधनाचं काम त्यांनी हाती घेतलं, आणि १९८० च्या त्या सकाळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. महाराष्ट्रात त्यांना लोक ओळखतात ते पावसाच्या अंदाजाच्या मॉडेलमुळे. मला ते आठवतात या न विझणाऱ्या आगीमुळे. माझी मोटर त्यांच्या इंधनाच्या मानाने फार साधी आहे. तळाला मातीचं नोझल, वर दाबून भरलेली काळी दारू, त्यावर सावकाश जळणारा विलंबाचा थर, आणि शेवटी पॅराशूट ढकलून बाहेर काढणारी चिमूटभर दारू. क्रम मात्र चुकत नाही. जे ठरलं आहे तेच होतं.

रंगाबद्दल लोक फार बोलतात. माझं म्हणणं एवढंच की तो पातळ असावा. दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या रॉकेटवर पाच मिलिमीटरचा झाला असता. इतका जाड लेप कुणी दिला नसता.

उड्डाणासाठी बहुतेक मॉडेलांच्या अंगावर एक छोटी नळी चिकटवतात आणि ती उभ्या सळईत ओवतात. प्रमाणबद्ध मॉडेलवर ती नळी डोळ्यांत खुपते. म्हणून मी चार उभ्या सळ्यांचा पिंजरा केला. त्यातून रॉकेट वर सरकतं, फिन सळ्यांच्या मधून जातात आणि अंगाला काहीच चिकटवावं लागत नाही. दुसरा एक निर्णय मला जास्त समाधान देतो. पॅराशूट बाहेर पडायला रॉकेट कुठेतरी उघडावं लागतं. दुसऱ्या टप्प्याची नळी मोटरीपेक्षा अरुंद, त्यामुळे मोटर आणि पॅराशूट दोन्ही पहिल्या टप्प्यात आले. त्याची लांबी दहा मीटर, म्हणजे २०० मिलिमीटर. ७० मोटरीचे गेले तरी पॅराशूटला जागा उरते. साहजिकच रॉकेट उघडणार ते पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सांध्यात. खरंही तिथेच सुटं झालं होतं.

उड्डाणाच्या दिवशी सोयाबीनच्या खुंटांवर वारा नव्हता. मोटर बी६-४: बी म्हणजे एकूण आवेगाचा गट, सहा म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा जोर, चार म्हणजे ज्वलन संपल्यावर चार सेकंदांचा विलंब. पाचपासून उलटी मोजणी मोठ्याने केली आणि बटण दाबलं. खरं रॉकेट जड पावलाने उठतं, जमिनीवरून सुटायला त्याला वेळ लागतो. लहान मॉडेलला ते जमत नाही. सहा न्यूटनपुढे बहात्तर ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पिंजरा रिकामा झालेला दिसला तेव्हा ते झाडांच्या वर होतं. एक सेकंदाच्या आत दारू संपली. उरलेल्या चार सेकंदांत, नुसत्या वेगावर वर जात असताना, ते नीट बघता आलं: पांढरी रेघ, नाक सरळ, कुठे डगमग नाही. सवाशे-दीडशे मीटरांवर पोचून ते मंदावलं आणि बरोबर त्याच सांध्यात उघडलं. दोन तुकडे दोरीच्या टोकांना लोंबकळत खाली येताना मी वडिलांना मनातल्या मनात म्हणालो, चार टप्पे होते, बाबा.

एका फिनाच्या टोकाचा रंग उडाला होता, तो मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. आता टेबलावर एएसएलव्हीचा आराखडा आहे. एसएलव्ही-३च्याच अंगाला दोन बाजूंना दोन मोटरी बांधून ते बनवलं. त्यांचा व्यासही एक मीटर, म्हणजे माझा पाऊण इंची पाइप पुन्हा कामाला येईल. पण त्या रॉकेटात जमिनीवर पेटायच्या त्या फक्त बाजूच्या दोन मोटरी. मधली पेटायची ती हवेत, त्या संपत आल्यावर. २४ मार्च १९८७ च्या पहिल्या उड्डाणात ती पेटलीच नाही. बाजूच्या दोन एकाच क्षणी कशा पेटवायच्या हे मला माहीत आहे. मधली वर गेल्यावर कशी पेटवायची, आणि ती पेटली नाही तर सगळं सुखरूप खाली कसं आणायचं, हे अजून सुटायचं आहे. दोन छोट्या घड्याळी सर्किटांचं वजन तोलून बघतो आहे. नोजकोनातल्या चिकणमातीची जागा ती घेऊ शकतील असं दिसतंय.